पेरणीपासून मार्चअखेरपर्यंत : सायकोसिसचा धोका असलेल्या घरासाठी

घरातला तरुण मुलगा एकटा एकटा राहू लागतो. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, समोर कुणी नसताना बोलतो. असं झालं की वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : डोक्यावर परिणाम झाला कशानं? उत्तरंही ठरलेली असतात. कर्जाचं टेन्शन घेतलं. पोलीस भरतीत नाव आलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं. कुणी करणी केली. बाहेरचं लागलं.

शेवटची दोन उत्तरं सोडून देऊ. पहिल्या तिन्हींत तथ्य आहे, पण अर्धंच. दुबार पेरणीचं संकट गावातल्या शंभर घरांवर येतं आणि कानात आवाज ऐकू येऊ लागतात एखाद्यालाच. तो एखादा मनानं कमकुवत नसतो. ताण झेलण्याची त्याच्या मेंदूची पद्धत थोडी वेगळी असते. ती समजून घेतली तर घराला करता येण्यासारखं बरंच आहे. शेतकरी घरातला मोठा ताण बऱ्याचदा न सांगता येत नाही. तो मृग नक्षत्रापासून मार्चअखेरपर्यंत ठरलेल्या महिन्यांत येतो, आणि जे कधी येणार हे ठाऊक आहे त्याची तयारी आधी करता येते.

आजार कोणता, किती जणांना?

जे नाही ते ऐकू येणं किंवा दिसणं, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय अशी समजूत घट्ट बसणं, बोलण्याचा धागा तुटणं, अशी वास्तवाशी नाळ सुटलेली अवस्था म्हणजे सायकोसिस. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. तीव्र नैराश्यात, उन्माद-नैराश्याच्या आजारात, नशेमुळे किंवा बाळंतपणानंतरही सायकोसिस होऊ शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या साधारण 1.4 प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी अशा प्रकारचा आजार झाल्याचं आढळलं. हजार प्रौढांच्या गावात हे चौदाजण होतात. त्याच सर्वेक्षणानुसार सायकोसिस असलेल्या चारपैकी जवळपास तिघांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

पश्चिम विदर्भात मनाच्या आरोग्याची चर्चा झाली ती मुख्यतः शेतकरी आत्महत्यांच्या निमित्तानं. 2006 मध्ये केंद्रानं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होता. 2015 मध्ये राज्यानं चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही वाशीम होता. या प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. ही विचारपूस प्रामुख्यानं नैराश्यासाठी आहे. सायकोसिसचा माणूस मात्र बऱ्याचदा मागच्या खोलीतच राहतो, कारण घरच्यांना तो आजारी वाटत नाही, लाजिरवाणा वाटतो.

धोका कुणाला जास्त?

आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते, म्हणजे अशा दहा मुलांपैकी नऊ जणांना तो होत नाही. एकसारख्या (एकाच बीजापासून झालेल्या) जुळ्या भावंडांची जनुकं जवळपास सारखी असतात, तरी एकाला आजार झाला की दुसऱ्याला होतोच असं नाही. लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक छळ किंवा आईबापांचं छत्र हरपणं यांनी धोका वाढतो. लहान वयात सुरू झालेला गांजाही तो वाढवतो. आजार बहुधा पंधरा ते तीस या वयात डोकं वर काढतो. म्हणजे दहावी-बारावी, नोकरीची धडपड आणि लग्न, सगळं नेमकं त्याच वर्षांत येतं.

अमेरिकेतले जोसेफ झुबिन आणि बॉनी स्प्रिंग यांनी 1977 मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी पडतो. तो धरणाच्या उदाहरणानं समजून घेऊ. काही धरणं पावसाळा लागायच्या आधीच ऐंशी टक्के भरलेली असतात, काही वीस टक्के. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला तरी सांडव्यावरून पाणी जातं ते पहिल्याचंच. आनुवंशिकता आणि बालपण यांनी आधीचा साठा ठरतो, तो आज बदलता येत नाही. ताण, जागरण आणि नशा हे वरून पडणारं पाणी, आणि घराच्या हातात आहे ते हेच.

ताण मेंदूत काय करतो?

धोका दिसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना देते, आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. बैल उधळला तर पळायचं बळ यातूनच मिळतं. काम झालं की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग रक्तातलं कॉर्टिसॉल ओळखतो आणि ही यंत्रणा थांबवायला मदत करतो. ताण महिनोन्महिने राहिला तर थांबवण्याची ही सोय बोथट होते. सायकोसिस झालेल्यांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले तर हिप्पोकॅम्पस सरासरीनं थोडा लहान आढळतो.

दुसरा धागा डोपामिनचा. ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ असा शिक्का गोष्टींवर मारणं हे या रसायनाचं एक काम. ते गरजेपेक्षा जास्त सुटू लागलं की हा शिक्का कशावरही बसतो. शेजाऱ्याचं खोकणं, रस्त्यावर थांबलेली मोटारसायकल, मोबाइलची रिंग, सगळं आपल्यासाठीच आहे असं वाटतं. मग मेंदू त्यामागचं कारण शोधतो आणि ‘माझ्याविरुद्ध कट आहे’ ही गोष्ट तयार होते. टोरांटोच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसं, आजाराची सुरुवातीची चिन्हं असलेली माणसं आणि औषध न घेतलेले रुग्ण अशा तीन छोट्या गटांना त्यांनी ताणाखाली गणितं सोडवायला लावली आणि त्या वेळी मेंदूचं स्कॅन केलं. धोका असलेल्यांच्या आणि रुग्णांच्या मेंदूत डोपामिन निरोगी माणसांपेक्षा जास्त सुटलं.

या प्रयोगातला ताण होता नुसत्या गणितांचा. तोही काहींच्या मेंदूला मोठा ठरला. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घ्यायचं’ हे वाक्य अशा माणसाला लागू पडत नाही. नेदरलँड्समधल्या अभ्यासांत लोकांनी दिवसभरात वेळोवेळी आपली मनःस्थिती नोंदवली. त्यातही हेच दिसलं की धोका असलेल्यांची मनःस्थिती रोजच्या बारीकसारीक कटकटींनी इतरांपेक्षा जास्त ढासळते.

ताणाचे महिने आधीच लिहून ठेवा

जून-जुलै. पावसाची वाट, बियाण्याची उगवण, दुबार पेरणी. त्याच दिवसांत निकाल आणि प्रवेशाची धावपळ. आजारातून सावरत असलेल्या माणसाला काम द्या, पण पैशाची आणि निर्णयाची जबाबदारी देऊ नका. पेरणीच्या घाईत तपासणीची तारीख चुकते आणि गोळ्या संपतात. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून जादा दिवसांची औषधं आणून ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबर. फवारणीचे दिवस. इथं एक सावधगिरी हवी. फवारणी करून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला दरदरून घाम येत असेल, लाळ सुटत असेल, उलट्या होत असतील, तर ते वेड नाही. ती विषबाधा असू शकते. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. सोयाबीनची सोंगणी, पडलेला भाव, दिवाळीचा खर्च. भाव कमी मिळाला की घरात भांडण पेटतं. हिशेबाची वादावादी या माणसासमोर करू नका. याच सुमारास अनेक कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात. नवी जागा, अपुरी झोप आणि तुटलेले उपचार हे तिन्ही एकाच वेळी येतात. जाताना औषधाची चिठ्ठी आणि तिचा मोबाइलमधला फोटो दोन्ही जवळ ठेवा. रोजची गोळी शक्य नसेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. पोहोचाल त्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पुढचे उपचार मागता येतात.

लग्नसराई. ‘लग्न करून द्या, डोकं ठिकाणावर येईल’ हा सल्ला गावात हमखास मिळतो. लग्न हा स्वतःच मोठा ताण आहे : जागरण, नवी माणसं, नव्या अपेक्षा, आणि आजार लपवायचा म्हणून बंद केलेल्या गोळ्या. आजार स्थिर झाल्यावर, समोरच्या घराला सगळं खरं सांगून आणि औषध चालू ठेवून झालेली लग्नं टिकतातही. औषध म्हणून केलेलं लग्न मात्र दोन माणसांना संकटात टाकतं.

मार्चअखेर. पीककर्जाची मुदत. बँकेचा किंवा सावकाराचा माणूस दारात येणार असेल तर त्याच्याशी कोण बोलणार हे आधी ठरवा. आजारी माणसाला त्या बैठकीत ओढू नका.

घरातलं बोलणं

लंडनच्या जॉर्ज ब्राऊन यांना 1950च्या दशकात एक गोष्ट खटकली. रुग्णालयातून बरे होऊन गेलेले काही रुग्ण घरी जाताच पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या संशोधनात कारण स्पष्ट झालं. ज्या घरात सतत टोचून बोललं जातं, राग काढला जातो किंवा काळजीपोटी क्षणाक्षणाला लक्ष ठेवलं जातं, तिथं आजार लवकर उलटतो. असे नातेवाईक आणि रुग्ण आठवड्यात 35 तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर असतील तर धोका आणखी वाढतो. चंदीगडमध्ये झालेल्या आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय घरांमध्ये असं टोचणं लंडनपेक्षा कमी आढळलं, आणि वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही कमी दिसलं. आपल्या घरांकडे ही जमेची बाजू आहे, ती गमावू नये.

याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा नाही. थकलेल्या आईच्या तोंडून ‘कामाचा ना धामाचा’ निघून जातं, त्यात तिचा दोष कमी आणि दमणूक जास्त असते. म्हणून काळजी घेण्याच्या पाळ्या लावा. बापाशी खटके उडत असतील तर मुलाला दिवसाचे काही तास काकासोबत मळ्यात जाऊ द्या, गोठ्याचं काम द्या. दोघांमधला वेळ कमी झाला की तणावही कमी होतो.

भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला दुजोराही देऊ नका. ‘तुले आवाज येते, मले ऐकू येत नाही. पण तुले त्रास होऊन राह्यला, हे मले समजते. मी आहो इथंच,’ एवढं पुरतं. एका वेळी एकानंच बोलावं, वाक्यं छोटी असावीत. चार पाहुणे भोवती बसून समजावू लागले की त्याच्या दृष्टीनं तो कटाचाच पुरावा ठरतो.

झोप, गांजा आणि देवदर्शन

आजार उलटण्याच्या आधी बऱ्याचदा झोप उडते. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल तर चौथ्या रात्रीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. रात्रीच्या ओलिताची पाळी या माणसाला देऊ नका. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

गांजा पूर्ण बंद हवा. ‘महादेवाचा प्रसाद’ म्हणूनही नको, कारण नाजूक मेंदूला थोडासुद्धा महागात पडू शकतो. दारू रोजची असेल तर ती घरच्या घरी एकदम तोडू नका. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, भास आणि झटके येऊ शकतात, ते जिवावर बेततं. दारू सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पोहरादेवीला जा, कारंज्याच्या गुरुमंदिरात जा, दर्ग्यात चादर चढवा. श्रद्धेनं घराला धीर येत असेल तर तो हवाच. फक्त तीन गोष्टी सांभाळा : गोळी चुकवू नका, उपाशी ठेवू नका, रात्रभर जागवू नका. उपास आणि जागरण यांनी अशा मेंदूवरचा भार वाढतो, आणि मग ‘अंगातलं बाहेर निघतंय’ असा उलटा अर्थ लावला जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

कोणती चिन्हं दिसली तर थांबू नये?

आजार एका दिवसात येत नाही. आधी काही आठवडे किंवा महिने माणूस बदलत असतो. मित्र सोडतो, आंघोळ टाळतो, अभ्यासात किंवा कामात मागे पडतो, संशयी होतो, आवाज आणि उजेड सहन होत नाही म्हणतो. अशी चिन्हं दिसणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे सायकोसिस होत नाही. कुणाला नैराश्य असतं, कुणी नुसता खचलेला असतो. पण तपासणी करून घेतल्यानं तोटा काहीच नाही, आणि सायकोसिस सुरू झालाच तर उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितकं सावरणं अवघड जातं.

पुढील वेळी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा : जीव देण्याची भाषा, ‘स्वतःला किंवा दुसऱ्याला मार’ असं सांगणारे आवाज, अन्नपाणी सोडणं, ताप किंवा झटक्यासोबत आलेली भ्रमिष्टता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली किंवा बाळाबद्दल विचित्र काही म्हणू लागली, तर ‘बाहेरची हवा लागली’ म्हणून थांबू नका. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. वेळेवर उपचार मिळाले तर हा आजार चांगला बरा होतो. अशा कोणत्याही घरात कीटकनाशकाचे डबे कुलपात असावेत आणि किल्ली दुसऱ्याच माणसाकडे असावी.

जायचं कुठं?

सुरुवात आशाताईंपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालची सेवा मिळते. मानसोपचार तज्ज्ञांचे दिवस आधी विचारून घ्या, म्हणजे रिसोड-मानोऱ्याहून येणारी खेप वाया जाणार नाही. पुढचा टप्पा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गरज पडल्यास नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. घरच्यांनीसुद्धा तिथं बोलावं. तातडीच्या वेळी 108 वर रुग्णवाहिका मागवा.

‘खेड्यात कोण जातो मनाच्या डॉक्टरकडे’ ही समजूत शेजारच्या अमरावती जिल्ह्यानं खोटी ठरवली आहे. तिथं तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या प्रशिक्षित गावकऱ्यांनी काम केलं. सुमारे दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. ओळखीच्या माणसानं हात धरून नेलं की लोक जातात.

सायकोसिसची औषधं डोपामिनचा अतिरेक आवरतात. भास कमी व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पहिल्या आजारानंतर साधारण एक ते दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त काळ औषध लागतं. बरं वाटू लागलं म्हणून मनानं ते थांबवणं हे आजार उलटण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. गुंगी, हातपाय ताठरणं, लाळ, वाढणारं वजन असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं.

कायदाही रुग्णाच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार सरकारी सेवेतून उपचार मिळवणं हा हक्क आहे आणि माणसाला साखळदंडात ठेवायला मनाई आहे. आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यावेत हे रुग्ण बरा असताना लिहून देऊ शकतो. दीर्घ आजारामुळे अपंगत्व आलं असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो.

वाचून झाल्यावर एक काम करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर औषध संपण्याच्या आठ दिवस आधीची तारीख लिहा. पुढच्या तपासणीची तारीख लिहा. पेरणी, सोंगणी, घरातलं लग्न आणि मार्चअखेर यांचे आठवडे लाल पेनानं घेरा. प्रत्येक घेऱ्याजवळ एक नाव लिहा, त्या आठवड्यात झोप आणि गोळी कोण सांभाळणार त्याचं. हे लिहिताना आजारी माणसाला शेजारी बसवा आणि त्याला कोणता महिना सर्वांत जड जातो ते त्यालाच विचारा. बऱ्याचदा ते उत्तर घरच्यांनी धरलेल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.